गोठ्यातून घरात येणारे आजार : कोल्हापूरच्या गावागावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी करवीर, पन्हाळा आणि शिरोळ तालुक्यांत झाली. आता निवृत्त आहे, घरी दोन म्हशी आहेत. लोक अजून विचारायला येतात. दूध घालायला डेअरीत गेलो तरी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "तात्या, ह्याच्यानं माणसाला काय होतंय काय?" तेच प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषध डॉक्टरच्या सल्ल्यानंच घ्यायचं, पण डॉक्टरकडे जाताना काय सांगायचं ते इथे वाचून जा.

जनावराचा आजार माणसाला होतो तरी कसा?

वाटा मोजक्याच आहेत. कच्चं दूध, जार (म्हणजे वार) आणि गर्भाचं पाणी, लघवी, लाळ, चावा, गोचीड-पिसवा-चिगर यांसारखे किडे, आणि आजारी किंवा मेलेल्या जनावराचं मांस-कातडं हाताळणं. शेण काढलं, वैरण घातली, पाठीवरून हात फिरवला म्हणून सहसा काही होत नाही. तसं असतं तर कोल्हापूर जिल्ह्यात धडधाकट माणूस शोधावा लागला असता.

म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली. तीन आठवड्यांनी मालकाला ताप सुरू झाला. दोन्हींचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. म्हशी-गायींत गाभ जाण्याच्या कारणांपैकी एक मोठं कारण ब्रुसेलोसिस. त्याचा जंतू गाभण जनावराच्या वारेत आणि गर्भाच्या पाण्यात कोट्यवधींनी असतो. जार ओढायला आपण उघड्या हातानं जातो. हाताला विळ्याचं कापलेलं असतं, उसाच्या पाल्याचे ओरखडे असतात, आणि जंतूला तेवढी फट पुरते. तोंडावर उडालेलं पाणीही पुरतं. माणसाला लक्षणं दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तोवर म्हैस गाभडली होती हे घरात कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

ताप संध्याकाळी चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी माणूस बरा वाटून धारेला बसतो. कंबर, गुडघे, खुबे दुखतात. भूक जाते, वजन उतरतं. काही पुरुषांत वृषण सुजतं आणि लाजेपोटी ते सांगितलंच जात नाही. ते सांगायचंच. डॉक्टरला तिथूनच धागा मिळतो.

या तापाला जुन्या पुस्तकांत माल्टा ताप म्हणतात. माल्टा बेटावरचे इंग्रज सैनिक तापानं आजारी पडायचे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला आणखी जवळजवळ वीस वर्षं गेली. तिथल्या शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येत होता.

रक्ताच्या तपासणीत टायफॉइड आला, औषध घेतलं, तरी ताप जात नाही. असं का?

माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं. एका गावात अडकलेली जार काढली, हात कोपरापर्यंत आत, हातमोजा नव्हता. महिन्याभरात ताप सुरू झाला. टायफॉइडची विडाल तपासणी थोडीशी पॉझिटिव्ह आली. आपल्याकडे ती पुष्कळांची थोडीफार येतेच. टायफॉइडचा कोर्स झाला, पुन्हा ताप, पुन्हा कोर्स. असे तीन महिने गेले. बायको म्हणायला लागली, बाहेरचं काहीतरी असेल, कोणाला तरी दाखवू. शेवटी एका तरुण डॉक्टरनं नाडी धरता धरता सहज विचारलं, "काका, तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं आणि त्यानं पेन खाली ठेवलं. तोपर्यंतच्या एकाही डॉक्टरनं हा प्रश्न विचारला नव्हता. आणि जनावरांच्या खात्यातला माणूस असून ते आपण होऊन सांगावं हे मलाही सुचलं नव्हतं. दोष निम्मा माझा.

म्हणून आठ-दहा दिवसांच्या वर ताप राहिला तर स्वतःहून सांगा : घरी जनावरं आहेत, अमुक म्हैस गाभडली, अमुक दिवशी जार काढली, दूध कच्चं पितो. ब्रुसेलाची तपासणी वेगळी असते. रक्तातला जंतू वाढवून पाहायचा असेल तर प्रयोगशाळेलाही आधी कल्पना द्यावी लागते, कारण तो सावकाश वाढतो आणि तिथल्या माणसालाही लागू शकतो.

बरं होतं का? किती दिवस औषध?

होतं. पण एका गोळीनं नाही आणि पाच दिवसांतही नाही. साधारणपणे दोन औषधं एकत्र, किमान सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात ताप जातो आणि माणूस गोळ्या बंद करून ऊस लावायला जातो. मग दोन महिन्यांनी आजार उलटतो आणि या वेळी मणक्यात बसतो. सहा म्हणजे सहा आठवडे. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार जवळजवळ होत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. मात्र घरातल्या ज्यांनी तेच दूध कच्चं प्यायलंय किंवा तीच जार उचललीय, त्यांना ताप आला तर त्यांचीही तपासणी करा.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर लोक वर्षानुवर्षं धारोष्ण दूध पितात. त्यांना कुठं काय होतंय?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि मला राग समजतो. तालमीतून घामेजलेला पोरगा कट्ट्यावर येतो, समोर म्हैस पिळली जाते, फेसाळ दुधाचा ग्लास तोंडाला लावला जातो. कोल्हापूरचं ते चित्र आहे आणि मीही त्या ग्लासाचा भक्त होतो. दुधाच्या ताजेपणाबद्दल, पाणी न घातल्याबद्दल कट्ट्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण दूध ताजं आहे म्हणून म्हैस निरोगी आहे असं होत नाही. ब्रुसेला झालेली म्हैस दिसायला ठणठणीत असते, दूधही देते, आणि त्या दुधातून जंतू महिनोन् महिने जातो. वास नाही, रंग नाही, फॅटमध्ये फरक नाही. 'आजोबा पीत होते' हे खरं असतं, पण आजोबांना वर्षभर सांधेदुखी होती आणि ती कशामुळे हे कोणी तपासलं नव्हतं, हेही खरं असू शकतं. जनावरातला क्षयही कच्च्या दुधातून येतो. मानेच्या गाठी, पोटाचा क्षय, असा.

उपाय सोपा आहे. कट्ट्यावरचंच दूध किटलीतून घरी न्या, ढवळत एक सणसणीत उकळी येऊ द्या आणि मग प्या. ताकद तीच राहते. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात, तेवढ्यानंही हे जंतू मरतात. गोकुळ किंवा वारणाचं पिशवीतलं दूध असं तापवलेलंच असतं. पैलवानांना मी एवढंच सांगतो : तालमीत सहा महिने कमावलेलं अंग या तापात सहा आठवड्यांत उतरतं. ते कोणी ऐकतो, कोणी हसतो.

दही, ताक, तूप, पनीर, खरवस?

उकळलेल्या दुधाचं दही-ताक-तूप-पनीर निर्धास्त खा. आंबट झालं म्हणजे जंतू मेला असं मात्र धरू नका. कच्च्या दुधाचं विरजण लावू नका. खव्याचं दूध आटवून आटवून केलेलं असतं, त्याची चिंता नको. खरवसाचा चीक मात्र व्यायलेल्या म्हशीचा पहिला आणि त्यामुळेच जपून घ्यायचा. वाफवताना मधोमध सुरी घालून बघा, आत पातळ राहिलं असेल तर आणखी वाफ द्या. आणि चीक काढल्या काढल्या लहान पोरांना वाटीभर 'औषध म्हणून' पाजण्याची पद्धत काही घरांत आहे, ती सोडा.

म्हशीला ब्रुसेलाची लस आहे म्हणतात. मोठ्या म्हशीला द्यावी का?

नाही. फक्त मादी वासरांना, रेडीला आणि कालवडीला, ४ ते ८ महिने वयात, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला दिली तर गाभ जाऊ शकतो. २०१९ पासून केंद्र सरकारच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूतबरोबर ही लसही मोफत दिली जाते आणि कानात १२ आकडी बिल्ला मारून नोंद ठेवली जाते. बिल्ल्यानं कान पिकेल म्हणून वासरू लपवणारे लोक मी पाहिलेत. कान आठ दिवसांत बरा होतो. एक गोष्ट मात्र खरी : ही लस जिवंत जंतूची आहे, टोचणाऱ्याच्या बोटाला सुई लागली तर त्यालाच ब्रुसेला होऊ शकतो. म्हणून वासरू घट्ट धरा आणि टोचणाऱ्याला घाई लावू नका.

तपासणीत म्हैस ब्रुसेला पॉझिटिव्ह निघाली. आता काय करायचं?

या प्रश्नाला सुखाचं उत्तर नाही. जनावरात यावर भरवशाचा इलाज नाही. लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे : वडगावच्या बाजारात नेऊन विकतात. म्हणजे आपला आजार दुसऱ्याच्या दावणीला बांधतात, आणि पुढच्या वर्षी तिथलं रेडकू आपणच विकत आणतो. लाखभर रुपयांची म्हैस, तिच्यावर काढलेलं कर्ज, हे मला समजतं. निदान इतकं करा : तिला वेगळी बांधा, तिचं दूध उकळल्याशिवाय घरात वापरू नका, तिची वेत झाली की जार-पाणी पुरा, आणि तिला गावच्या रेड्याकडे नेऊ नका. पुढचं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवा. आणि नवी म्हैस आणताना दुधाच्या आकड्याबरोबर रक्ततपासणीचाही विषय काढा. विकणारा गडबडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

व्यायला आलेल्या जनावराजवळ काय काळजी घ्यायची?

कृत्रिम रेतन करणारे खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे वापरतात, तसे दोन-चार घरात ठेवा. नसतीलच तर दुधाची जाड पिशवी हातावर चढवून बांधा, काहीच नसण्यापेक्षा बरी. तोंडाला रुमाल. जार आणि मेलेलं रेडकू उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका, कुत्री पळवतात आणि गावभर करतात. कुत्र्यांचा हात पोचणार नाही इतका खोल खड्डा, वर चुना, मग माती. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा. आपले हात साबणानं कोपरापर्यंत धुवा आणि मगच मिशरी, तंबाखू, चहा.

गरोदर बाईनं गोठ्यात जाऊ नये का?

जायला हरकत नाही, पण बाळंत होणाऱ्या किंवा गाभडलेल्या जनावराजवळ तिला अजिबात पाठवू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या जारेपासूनही दूर. ब्रुसेलामुळे पोटातलं मूल जाऊ शकतं. धारा काढायचं काम आपल्याकडे बहुतेक घरांत बाईकडेच असतं आणि नवव्या महिन्यापर्यंत चालतं. घरातल्या पुरुषांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

महापूर ओसरल्यावर लेप्टोची गोळी देतात ती खरंच घ्यायची?

आरोग्य कर्मचारी घरी येऊन देत असतील तर घ्या. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप. २००५, २०१९, २०२१ चे महापूर आपण पाहिलेत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. पण लेप्टोचा धोका पाणी चढताना जितका असतो त्याहून जास्त ते उतरल्यावर असतो, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

लेप्टोचा जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून येतो. गायी-म्हशी, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतूनही. पुरात बिळं बुडतात, उंदीर माणसांबरोबरच माळ्यावर चढतात, आणि सगळ्यांची लघवी एकाच पाण्यात मिसळते. चिखलीला, आंबेवाडीला, शिरोळच्या नदीकाठच्या गावांत पूर उतरल्यावर लोक उघड्या पायांनी घर धुतात, गोठ्यातला गाळ हातानं ओढतात. तेव्हा पाय भेगाळलेले असतात, बोटांत चिखल्या झालेल्या असतात. जंतू तिथून आत जातो. बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, म्हणजे घर लावून, छावणीतली जनावरं परत आणून माणूस जरा टेकतो तेव्हा.

ओळखायचं कसं? ताप अचानक, जोरात. पोटऱ्या इतक्या दुखतात की दाबू देत नाहीत. डोळे लाल, पण चिपड नसतं. यापुढे लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर घरात थांबू नका, सरळ कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही धरतो हा. पहिल्या तीन-चार दिवसांत औषध सुरू झालं तर बहुतेक माणसं बरी होतात. नुसती कावीळ समजून गावठी औषधाच्या रांगेत बसलेल्या एका माणसाला मी पाहिलं, ते शेवटचंच.

प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा असते. ती गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सहसा देत नाहीत, म्हणून मेडिकलमधून मनानं आणून घरभर वाटू नका. आणि गोळी घेतली म्हणून गमबूट काढू नका.

ऊसतोड करणाऱ्यांनाही लेप्टो होतो का?

होतो. फड म्हणजे उंदरांचं गोकुळ. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात १९३० च्या दशकात तोडणी करणाऱ्यांत हा ताप इतका वाढला की तोडणीआधी फड पेटवायची पद्धत तिथे या आजारासाठी आणली गेली, उंदीर पळावेत म्हणून. आपल्याकडेही काही जण फड पेटवतात, पण तोड सोपी व्हावी म्हणून. मी फड पेटवा म्हणत नाही, पाचट जळतं, मातीचं नुकसान होतं. पण ओल्या फडात तोडणाऱ्याच्या पायात बूट हवेत. बीडहून आलेल्या टोळीतल्या माणसाच्या पायात तुटकी चप्पल असते आणि त्याला ताप आला तर त्याला कोणत्या दवाखान्यात जायचं हेही माहीत नसतं. मुकादमानं आणि फडमालकानं ते बघावं.

पावसाळ्यानंतर ताप, आणि काखेत काळी खपली. हे काय?

ताबडतोब डॉक्टरला दाखवा, आणि खपली दाखवायला विसरू नका. हा स्क्रब टायफस असू शकतो. गवतातला चिगर नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा चावतो; चावलं ते कळतही नाही. जागेवर विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, दुखत नाही, खाजत नाही. काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत, स्तनाखाली, म्हणजे जिथे माणूस स्वतः बघत नाही तिथेच. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडे श्रावणापासून दिवाळीपर्यंत गवत कापणाऱ्यांनी घरी आल्यावर कपडे बदलून आंघोळ करायची आणि एकमेकांची पाठ-काख बघायची. गवतावर उघड्या अंगानं लोळायचं नाही. औषध स्वस्त आहे आणि वेळेत मिळालं तर ताप दोन दिवसांत उतरतो. डोक्यात शिरेपर्यंत थांबलं तर जीव जातो.

चंदगडकडे माकडतापाची भीती असते. खरी का?

खरी. हा ताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात त्यानं चांगलाच धुमाकूळ घातला, आणि तिलारीचा घाट उतरला की दोडामार्गच लागतो. जंगलातल्या गोचिडीतून येतो. जानेवारी ते मे, म्हणजे काजू गोळा करायच्या दिवसांत. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळही जाऊ नका, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवं अंग शोधत असतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीडरोधक तेल.

म्हशीच्या घशात काहीतरी अडकलंय असं वाटतंय. हात घालून काढू का?

थांबा. नको.

यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर असेल. म्हैस लाळ गाळते, गिळत नाही, वेगळ्याच आवाजात हंबरते, आणि मालकाला वाटतं कोयी किंवा उसाचा कांडका अडकला. तो तोंडात हात घालतो, शेजारी घालतो, मग मीही घातलेला आहे. दोन दिवसांनी म्हैस पडते आणि मग आठवतं, महिन्याभरापूर्वी पिसाळलेलं कुत्रं वस्तीवरून गेलं होतं. रेबीज झालेल्या जनावराला गिळता येत नाही, त्याच्या लाळेत विषाणू असतो, आणि दातानं बोट खरचटलं की संपलं. आधी पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ या नंबरवर फिरत्या पथकाची गाडी मागवता येते.

हात घातला गेलाच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, कसलाही पाला नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच गेली. आता दंडात कातडीच्या थरातच, वरवर देतात, बहुतेक ठिकाणी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेतच द्यायचं आणखी एक इंजेक्शन असतं, त्याबद्दल स्वतः विचारा. लक्षणं सुरू झाल्यावर या आजाराला औषध नाही. कुत्रं चावलं तरी हेच सगळं. 'कुत्रं मरतंय का बघू दहा दिवस' म्हणत लस थांबवू नका. लस सुरू ठेवून बघा.

पिसाळलेल्या म्हशीचं दूध डेअरीत गेलं, सगळ्या गावानं प्यायलं. सगळ्यांनी इंजेक्शन घ्यायचं?

असं झालं की दवाखान्यापुढे जत्रा भरते आणि ज्याला खरंच कुत्रं चावलंय तो रांगेच्या शेवटी राहतो. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. चहातून तर नाहीच. ज्यांनी तिचं दूध कच्चं प्यायलं किंवा तिची लाळ ज्यांच्या जखमेला लागली, त्यांनी डॉक्टरना भेटायचं. बाकीच्यांनी घरी जायचं. आजारी म्हशीचं दूध काढून विकणं मात्र लगेच बंद.

लंपी माणसाला होतो का?

नाही. उकळलेलं दूध प्या. आजारी जनावराला अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याचं दूध वापरू नका, हा मुद्दा वेगळा.

लाळ्या खुरकूत?

माणसाला जवळजवळ कधीच होत नाही. पण तुमच्या चपलेवरून शेजारच्या गोठ्यात जातो, तेव्हा आजारी गोठ्यातून उठून सरळ डेअरीत येऊ नका.

म्हशीच्या सडांवर फोड आले आणि आता धार काढणाऱ्याच्या बोटांवर तसेच.

म्हशीच्या देवी म्हणतात ते हे. पश्चिम महाराष्ट्रात २००९ मध्ये म्हशींत आणि धारा काढणाऱ्यांत याची साथ दिसली होती. बोटांवर मधोमध खळगा असलेले फोड, थोडा ताप, काखेत गाठ. दोन-तीन आठवड्यांत आपसूक बरं होतं. फोड फोडू नका, डोळ्याला हात लावू नका. आजारी म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढा, नाहीतर तुमचेच हात ते सगळ्या दावणीला वाटतात. शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवर मावा येतो, त्याचाही असाच फोड धनगरांच्या बोटांवर उठतो.

वासराच्या डोळ्याभोवती पांढरट चकत्या, पोराच्या मानेवर गजकर्ण. एकच का?

बहुधा एकच. दोघांवरही एकाच वेळी उपचार करा. मेडिकलमध्ये मिळणारी 'सगळ्यावर चालणारी' मलमं लावू नका, त्यातल्या स्टेरॉइडनं खाज थांबते आणि चकती पसरते.

मेंढी अचानक मेली, नाकातून काळं रक्त आलं. कातडं काढावं का?

सुरीच लावू नका. फाशी, म्हणजेच काळपुळी, असण्याची शक्यता आहे. रक्त गोठत नाही, अंग ताठत नाही, पोट लगेच फुगतं, ही खूण. मढं उघडलं की जंतू हवा लागून बीज धरतो आणि ते बीज त्या जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. कापणाऱ्याच्या हातावर न दुखणारी काळी पुळी येते. ती दिसली तर त्याच दिवशी दवाखाना, औषधानं बरी होते. मांस वाटून घेणं म्हणजे आजार वाटून घेणं. मेंढी गेली तेवढंच नुकसान राहू द्या. पशुवैद्यकाला बोलवून सहा फूट खोल, चुन्यासकट पुरा.

जत्रेत बकरं पडतं तेव्हा कुत्र्यांना आतडी-फुफ्फुस टाकतात. त्यानं काय होतं?

फुफ्फुसात-काळजात पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून भाजीवर, अंगणात, पोरांच्या हातात. माणसाच्या यकृतात मग तशीच पाण्याची गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते आणि कधीतरी ऑपरेशनच्या टेबलावर सापडते. म्हाईच्या, म्हणजे जत्रेत बकरं पडायच्या दिवशी टाकाऊ भाग पुरायला एक खड्डा खणा. रक्ती-मुंडी, तांबडा-पांढरा खुशाल खा, तासभर शिजलेल्यात काही राहत नाही. कापणाऱ्याचे हात आणि घरचं कुत्रं, लक्ष द्यायचं ते एवढ्यावर. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी.

बर्ड फ्लू आला की कोंबडी बंद करायची का?

शिजवून खायला हरकत नाही, ७० अंशांवर विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याच्या फार पुढे जातो. २००६ मध्ये देशातली पहिली साथ आपल्याच राज्यात, नवापूरला आली होती, तेव्हा भीतीनंच कोंबडीचा बाजार झोपला. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर मात्र स्वस्तात विकू नका, सोलू नका, खात्याला कळवा.

गोमूत्र रोज घेतलं तर चालेल का?

श्रद्धेत मी पडत नाही. लेप्टोचा जंतू जनावराच्या लघवीतून बाहेर पडतो आणि ते जनावर धडधाकट दिसतं, एवढं मला माहीत आहे. कच्चं मी घेत नाही, नातवंडांना देऊ देत नाही.

गोठा घराला लागूनच आहे, दुसरी जागा नाही. काय करू?

अर्ध्या जिल्ह्याची हीच स्थिती आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुताची नाली घरापासून उलट दिशेला काढा आणि ती साचू देऊ नका. पेंडीची पोती जमिनीवर नको, फळीवर आणि झाकून, म्हणजे उंदीर कमी. गोठ्याची चप्पल उंबऱ्याबाहेर. भिंतीच्या भेगांत गोचिडी असतात, तिथे डॉक्टरला विचारून फवारा मारा. नुसतं जनावराला औषध लावून त्या जात नाहीत. आणि एक जुनी वही खुंटीला अडकवून ठेवा : कोणती म्हैस कधी गाभडली, कधी व्याली, कोणी जार काढली. घरात कोणाला ताप आला तर ती वही बरोबर घेऊन जा. माझ्या गोठ्यात अशी वही आहे, शेणाचे डाग पडलेली. गेल्या वर्षी सुनेला ताप आला तेव्हा डॉक्टरनं आधी तीच वाचली.